बेबीताईंबरोबर चढलेला डोंगर

गेल्या आठवड्यात गॅलरीत कपडे वाळत घालताना समोर लक्ष गेलं आणि चिमटा हातातच राहिला. डोंगरावरचं गवत पिवळं पडायला लागलं होतं.

मुलुंडच्या आमच्या घरासमोर आता दोन टॉवर उभे राहिलेत. त्यांच्या मधल्या फटीतून डोंगराचा एक उभा तुकडा दिसतो, तेवढाच आमच्या वाट्याचा. पण तेवढ्यातही सगळं कळतं. गणपतीत तो तुकडा नुसता हिरवा असतो. नवरात्रात त्या हिरव्यावर एक थकवा येतो. मग एखाद्या सकाळी ऊन जरा तिरकं पडतं, वरच्या कडेचे गवताचे शेंडे चकाकतात आणि लक्षात येतं की पाऊस आता खरोखरच गेला.

मी आत जाऊन बेबीताईंना फोन लावला. त्या हल्ली गावी असतात, कणकवलीच्या अलीकडे.

"गवत बदललं," मी म्हणाले.

"एवढ्यात?" त्या म्हणाल्या. "मग सकाळी जाताना कानाला काहीतरी बांध. आणि कोळिणींना सांभाळून जा गो, त्यांचे संसार असतत ह्या दिवसांत."

कोळिणी म्हणजे झाडाझुडपांत जाळी विणणाऱ्या. हे दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. मला कळलं, कारण काही वर्षांपूर्वीचा एक कार्तिक ते वैशाख मी त्यांच्या मागून तो डोंगर चढले होते. त्याआधी बावीस वर्षं मी त्याच्या पायथ्याशी राहत होते आणि एकदाही वर गेले नव्हते. डोंगर ही माझ्या लेखी कपडे वाळत घालताना समोर असणारी गोष्ट होती. पावसात हिरवा, एरवी सुका, बास.

त्या वर्षी माझं ऑपरेशन झालं होतं. छातीत गाठ निघाली होती. ऑपरेशन, मग केमो, मग रेडिएशन, असं करत करत आठ महिने गेले. नवरात्रात शेवटची ट्रीटमेंट संपली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता आमचं काम झालं. तुम्ही चालायला लागा." मी चालायला लागले, पण हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत. डोक्यावर जेमतेम लव आली होती. शाळेच्या ऑफिसातली माझी नोकरी रजेवर होती. लोक भेटायला यायचे, नारळपाणी आणायचे, माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बोलायचे. माझे यजमान, दिनेश, सकाळी डबा करून ठेवून कामावर जायचे. मी दिवसभर खिडकीशी बसून राहायचे. बरी झाले आहे हे सगळे सांगत होते, पण बरं झालेल्या माणसाने करायचं काय, ते कुणी सांगत नव्हतं.

भाऊबीजेला बेबीताई आल्या. दिनेशची ही मोठी बहीण. लग्न केलं नाही. म्युनिसिपालिटीच्या एका हॉस्पिटलात तेहतीस वर्षं नर्स होत्या, त्याच वर्षी रिटायर झालेल्या. भांडुपला एकट्या राहायच्या. उंच, काटक, केस घट्ट बांधलेले, आवाज वॉर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल असा. दर भाऊबीजेला त्या यायच्या, भावाला ओवाळायच्या, जेवायच्या आणि जायच्या. माझ्याशी "भात वाढ", "पुरे" एवढंच बोलायच्या. अकरा वर्षं असंच चाललं होतं.

अकरा वर्षांपूर्वी माझ्या सासूबाई गेल्या. आमच्याच घरी, दुपारच्या वेळी, माझ्या समोर. त्यांना महिनाभर बरं नव्हतं. त्या दिवशी सकाळपासून लक्षणं ठीक दिसेनात म्हणून मी बेबीताईंना फोन केला होता. त्या म्हणाल्या, ड्यूटी आहे, सुटले की येते. त्या पोचल्या तेव्हा सगळं संपलं होतं. तेराव्याला, सगळे नातेवाईक बसलेले असताना, त्या म्हणाल्या, "मी असते तर आई गेली नसती. ह्या घरात माणसं होती, पण बघणारं कुणी नव्हतं." कुणी काही बोललं नाही. दिनेशही नाही. मी उठून आत गेले आणि पुरणाचं पातेलं घासत बसले. महिनाभर त्यांचं अंथरूण-पांघरूण, औषधं, अंग पुसणं मी केलं होतं. ते वाक्य मी कधी विसरले नाही.

तर त्या भाऊबीजेला त्यांनी ओवाळणीचं ताट खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. पेशंटकडे बघतात तसं, नखांपासून वरपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला बेल वाजली. दारात बेबीताई. पायांत कॅनव्हासचे बूट, खांद्याला कापडी पिशवी.

"चप्पल नको. बूट घाल," त्या म्हणाल्या. "आणि लांब बाह्यांचा ब्लाऊज."

"कुठे जायचंय?"

"डोंगरावर."

"बेबीताई, मला जिना उतरताना दम लागतो."

"म्हणून तर. ऊठ, सुमे."

नाही म्हणायची ताकद नव्हती, म्हणून गेले. पायथ्याच्या चौकीत वहीवर नाव लिहिलं. तिथला रखवालदार त्यांना ओळखत होता. रिटायर झाल्यापासून त्या रोज सकाळी भांडुपहून रिक्षाने येऊन वर जायच्या हे मला तिथे कळलं. वाट सुरुवातीला रुंद आहे, मग करवंदाच्या जाळ्यांतून वळत वळत वर जाते. पहिल्या वळणावर एक जुना दगडी बांध आहे. तिथपर्यंत पोचेतो माझ्या डोळ्यांसमोर अंधारी आली. मी बांधावर बसले. बेबीताईंनी माझं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या.

"एकशे अठरा," त्या म्हणाल्या. "बस. आज एवढाच."

शाबास नाही, वा नाही. मी बसले तेव्हा तोंडासमोर, हातभर अंतरावर, उन्हात एक जाळं लखलखत होतं. त्याच्या मधोमध तळहाताएवढी, काळ्या अंगावर पिवळे पट्टे असलेली कोळीण. मी दचकले. बेबीताईंनी एक काटकी घेऊन जाळ्याचा वाटेवर आलेला धागा तेवढा अलगद उचलला आणि बाजूच्या फांदीवर टेकवला. "तिचा संसार आहे," त्या म्हणाल्या. "आपण वाकून जायचं."

कार्तिक तसा गेला. रोज पहिलं वळण, मग आठवड्याने त्याच्या पुढचं. मला वाटायचं मी चालते आहे. पण बहुतेक वेळ मी बसलेली असायचे आणि बसलेल्या माणसाला दिसतं जास्त. गवतातून कुरडूचे गुलाबी-पांढरे तुरे वर आलेले असायचे. सकाळचं दव इतकं की बूट ओले व्हायचे, आणि आठ वाजले की ते कुठे गेलं कळायचंही नाही. वाटेला आडवा एक ओहोळ होता. पहिल्या आठवड्यात त्याचा आवाज वळणाच्या अलीकडूनच यायचा. मग जवळ गेल्यावर यायला लागला. मग वाकून ऐकावा लागला. एके सकाळी नुसती ओली माती आणि तिच्यावर दाटीवाटीने बसलेली पिवळी फुलपाखरं. पाणी असं एकदम थांबत नाही, हळूहळू आवाज कमी करत जातं, हे मला तेव्हा समजलं.

मार्गशीर्षात गवत पार सुकलं आणि त्याची कुसळं साडीच्या काठाला, मोज्यांना, बाहीला चिकटायला लागली. घरी आले की मी गॅलरीत बसून ती एकेक काढायची. माझ्या डाव्या हाताला ओरखडा उठता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काखेतल्या गाठी काढल्यामुळे त्या हाताला साधी जखमही महागात पडते. म्हणून करवंदांच्या जाळ्या आल्या की बेबीताई न बोलता माझ्या डाव्या बाजूला यायच्या. काटे त्यांच्या हाताला लागायचे. एकदा मी म्हणाले, "तुम्हाला खरचटतंय." त्या म्हणाल्या, "माझ्या हाताला कुणी सांभाळायला सांगितलेलं नाही."

झाडांची नावं त्यांना गावची माहीत होती. जी माहीत नव्हती त्यांना त्या नंबर द्यायच्या. "बेड नंबर चार आज कसा आहे बघ," असं म्हणून एका वाकड्या झाडाकडे मान वळवायच्या. त्याचं खरं नाव मी पुढे एका पाटीवर वाचलं, अंजनी. पण आमच्यात ते चार नंबरच राहिलं. पौषात एका सकाळी वाटेवरच्या धुळीत पंज्याचे ठसे उमटले होते, माझ्या मुठीएवढे. मी जागीच थांबले. बेबीताईंनी वाकून बघितलं. "बिबट्या. रात्रपाळी करून गेला," त्या म्हणाल्या आणि ठशांवर पाय न देता बाजूने पुढे झाल्या. मीही तशीच गेले. भीती वाटली, पण पुष्कळ दिवसांनी ती माझ्या शरीराबाहेरच्या कशाची तरी होती. त्याचंच बरं वाटलं.

आमच्यात एक न ठरवता ठरलेली गोष्ट होती. घरातलं काही बोलायचं नाही. आई, तेरावं, ते दिवस, काहीच नाही. झाडं, नाडी, गवत, चहा. पिशवीतून त्या थर्मास काढायच्या, एका झाकणातून आम्ही आळीपाळीने चहा प्यायचो. अकरा वर्षं ज्या बाईशी बोलले नव्हते तिच्या उष्ट्या झाकणातून मी चहा पीत होते. याचा मी विचार करायची नाही. केला असता तर पिता आला नसता.

माघात काटेसावर निष्पर्ण झाली. उभ्या खोडावर काटे आणि वर मोकळ्या फांद्या, त्यांवर काळपट गोल कळ्या. पंधरा दिवसांत त्या उमलल्या. एकही पान नाही आणि सगळं झाड लालभडक. सकाळी त्याच्यावर इतके पक्षी असायचे की झाडाखाली उभं राहून बोललेलं ऐकू यायचं नाही. साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, सगळे फुलांत चोची घालून भांडत असायचे. खाली जाडजूड फुलं टपटप पडायची. माझे केस तेव्हा बोटभर वाढले होते, पूर्वीपेक्षा कुरळे. मला त्या झाडाकडे बघून भरून आलं.

"बेबीताई, बघा ना," मी म्हणाले. "सगळी पानं गेली आणि मगच फुललं. माझंही तसंच म्हणायचं."

त्यांनी वर बघितलं, मग माझ्याकडे.

"झाडाचा झाडाक, तुझा तुका," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात मालवणी आलं की त्या आतून बोलतायत असं समजायचं. "माणसाक पालवी फुटत नाय गो. माणसाक औषध लागता आणि चालूचा लागता. चैत्रात तपासणी आसा ना तुझी? ती करूक विसरू नको, फुलां बघीत."

मला राग आला, मग हसू आलं. मोठ्याने हसले. ऑपरेशननंतर मी तशी हसले नव्हते. वरचे पक्षी दोन क्षण गप्प झाले.

फाल्गुनातली ती सकाळ मला वासाने आठवते. आम्ही दुसऱ्या वळणावर होतो आणि होळीच्या दुसऱ्या दिवशी येतो तसा वास आला. बेबीताई थांबल्या. वरच्या उतारावर, गवताच्या मधोमध, एक पांढरी रेघ हवेत चढत होती. कुणी विडी टाकली असेल, की काय, कधीच कळलं नाही. बघता बघता ती रेघ रुंद झाली. वाळलेलं गवत पेटतं तेव्हा ज्वाळा दिवसा नीट दिसतसुद्धा नाहीत. फक्त तडतड ऐकू येते आणि त्याच्यावरची हवा हलते.

"फोन लाव चौकीला."

रेंज नव्हती.

"मग तू खाली जा आणि माणसं घेऊन ये." त्या तोवर एका झुडपाची हिरवी डहाळी मोडत होत्या.

"तुम्ही एकट्या?"

"सुमे, जा!"

मी उतरले. धावत नाही, पण थांबलेही नाही. चौकीत दोन रखवालदार होते; त्यांनी झोडपण्याच्या काठ्या उचलल्या आणि निघाले. एक म्हणाला, "ताई, तुम्ही इथंच बसा." मी त्यांच्या मागोमाग परत वर निघाले. पहिलं वळण, दगडी बांध, दुसरं वळण. दम लागत होता, पण तो इतर माणसांना लागतो तसा होता. बांधाशी बसायचं मला आठवलंच नाही. हे मला त्या वेळी कळलं नाही. कळलं ते दुपारी, घरी पाय धुताना.

वर पोचलो तेव्हा बेबीताई डहाळीने गवत झोडपत होत्या. पदर कमरेला खोचलेला, चेहरा काळा. सकाळी फिरायला आलेली आणखी तीन-चार माणसं जमली होती. रखवालदारांनी खालच्या अंगाने सुरुवात केली. हिवाळ्यात गवत कापून त्यांनी वरच्या बाजूला एक मोकळा पट्टा ठेवला होता, आग पलीकडे जाऊ नये म्हणून. तिथे येऊन ती अडली. मी उजव्या हाताने, जमेल तेवढं, कडेचं धुमसतं गवत झोडपलं. तासाभराने धूर राहिला, आग नाही. एक पूर्ण उतार काळा झाला होता. झाडं उभी होती, पण कमरेपर्यंत करपलेली. चार नंबरही त्यांतच.

माणसं पांगली. आम्ही दोघी काळ्या जमिनीच्या कडेला एका सपाट कातळावर बसलो. थर्मासमधला चहा तसाच होता. बेबीताईंच्या हाताला फोड आले होते. मी रुमाल भिजवून त्यांच्या हाताला गुंडाळायला लागले. त्यांनी हात मागे घेतला नाही.

"ड्यूटी नव्हती," त्या म्हणाल्या.

"काय?"

"त्या दिवशी. आईच्या. तू फोन केलास तेव्हा माझी ड्यूटी नव्हती. सुट्टी होती. खोलीवरच होते." त्या समोरच्या काळ्या उताराकडे बघत होत्या. "साडी नेसले. पिशवी भरली. बी.पी.चं मशीन घेतलं. आणि कॉटवर बसले. उठता येईना. किती माणसं गेली असतील माझ्या हातांखालून गो, मोजली नाहीत कधी. पण आईला तसं बघायचं म्हटल्यावर पाय उचलेना. तीन तास तशीच बसले होते. मग तुझा दुसरा फोन आला."

मी रुमालाची गाठ मारत होते. ती मारून झाली तरी मी बोटं काढली नाहीत.

"आणि तेराव्याला तुला बोलले," त्या म्हणाल्या. "कुणाला तरी बोलायला हवं होतं. स्वतःला बोलता येईना."

आम्ही उतरलो. वाटेत त्या करवंदांपाशी सवयीने माझ्या डाव्या बाजूला आल्या.

त्यानंतर दहा दिवस मी डोंगरावर गेले नाही. सकाळी बेल वाजली की दिनेशला सांगायची, सांगा, बरं वाटत नाही. चौथ्या दिवसानंतर बेल वाजेनाशी झाली. दिनेशला वाटलं आमचं पुन्हा बिनसलं. त्यांना वाटलं मी रागावले आहे. बेबीताईंनाही तेच वाटलं असणार. पण राग नव्हता. असता तर सोपं झालं असतं.

त्या दिवशी दुपारी सासूबाई जाण्याआधी एक वाक्य बोलल्या होत्या. बेबीताईंबद्दल. ते ऐकायला खोलीत मी एकटीच होते. बेबीताई आल्या की त्यांना ते सांगायचं, असं मी तेव्हा मनाशी ठरवलं होतं. पण आल्या त्या रडत, लोकांच्या गराड्यात. मग मला वाटलं, दिवस होऊन जाऊ देत. आणि तेराव्याला त्यांनी जे म्हणायचं ते म्हटलं. त्या क्षणी, पुरणाचं पातेलं घासताना, मी दुसरं ठरवलं. नाही सांगणार. हे माझ्याकडेच राहील. अकरा वर्षं मी ते ठेवलं. सुरुवातीला मुद्दाम, मग सवयीने. पुढे पुढे तर मी स्वतःला सांगायला लागले होते की आता सांगून काय उपयोग, नीट आठवतही नाही. खोटं. शब्द न् शब्द आठवत होता.

त्यांनी त्यांचं सांगून टाकलं होतं, काळ्या जमिनीकडे बघत. आणि माझं मी तसंच घेऊन खाली उतरले होते.

चैत्रात तपासणी झाली. रिपोर्ट चांगले आले. डॉक्टरांनी विचारलं, "काय करता तुम्ही? तब्येत फार सुधारली." मी म्हणाले, "डोंगर चढते." हॉस्पिटलच्या बाहेर येऊन मी बेबीताईंना फोन केला. रिपोर्ट सांगितला. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "बरं," त्या म्हणाल्या. "उद्या येऊ?"

"या."

दहा-पंधरा दिवसांत डोंगर बदलला होता. कुसुमाच्या झाडांना तांबडी, तुकतुकीत पालवी आली होती, लांबून फुलंच वाटावीत अशी. पिंपळाची पानं गुलाबी. सगळ्यात कडक उन्हात, पावसाचा थेंब नसताना, झाडं नवी पानं काढतात, हे मी बावीस वर्षं पाहिलं नव्हतं. पाणी कुठून आणतात कोण जाणे. जळालेल्या उतारावर एका टिटवीने बस्तान मांडलं होतं; आम्ही जवळ गेलो की ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडायची, म्हणजे अंडी असणार. चार नंबरला त्या वर्षी बहर आला नाही. पण करपलेल्या खोडाच्या वर दोन फांद्या जिवंत होत्या. बेबीताईंनी नखाने साल किंचित खरवडून बघितली, आत हिरवी होती. "चालेल," त्या म्हणाल्या.

आमच्यात पुन्हा झाडं, नाडी, चहा सुरू झालं. मी रोज ठरवायची, आज सांगायचं. रोज उतरून यायची.

वैशाखात आम्ही पहिल्यांदा वरच्या धारेपर्यंत गेलो. शेवटचा चढ सरळ आहे, सुटी खडी पायाखाली घसरते. बेबीताईंचे गुडघे त्या महिन्यात दुखायला लागले होते. या वेळी मी पुढे होते आणि हात देत होते, उजवा. वर पोचलो तेव्हा साडेसात झाले असतील. एका बाजूला खाली मुलुंड, भांडुप, इमारतींच्या मागे खाडीची राखाडी रेघ, दक्षिणेला धुरकटात ट्रॉम्बेची टेकडी. दुसऱ्या बाजूला नुसतं जंगल आणि त्यात विहार तलावाचं पाणी, उन्हाळ्याने आक्रसलेलं, कडेला लाल मातीचा पट्टा उघडा पडलेला. दरीत कुठेतरी पावशा ओरडत होता. तांबटाचं टुक टुक चाललं होतं. वारा होता.

बेबीताईंनी बूट काढून पाय मोकळे केले. बराच वेळ त्या पाण्याकडे बघत होत्या.

"सुमे," त्या म्हणाल्या. "आई शेवटी काही बोलली होती?"

अकरा वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. बहुतेक मी काय सांगेन याची त्यांना भीती होती. मला ते तेव्हा समजलं.

"बोलल्या होत्या," मी म्हणाले. "मी तुम्हाला सांगितलं नाही. मुद्दाम सांगितलं नाही. तुम्ही तेराव्याला तसं बोललात म्हणून."

त्या माझ्याकडे वळल्या नाहीत. फक्त मान हलवली, पुढे सांग अशी.

"दुपारी त्यांना जरा तरतरी आल्यासारखी झाली. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्या दाराकडे बघितलं त्यांनी. त्यांना वाटलं तुम्ही आत झोपला आहात. मला म्हणाल्या, बेबीक उठव नको गो. ड्यूटी करून दमान इली आसा. झोपांदे तिका."

पावशा दोनदा ओरडला.

"परत सांग," बेबीताई म्हणाल्या.

मी परत सांगितलं.

"हसत होती की त्रास होत होता?"

"त्रास नव्हता. तुम्ही घरात आहात म्हणून निर्धास्त होत्या. आवाज हळू केला होता, तुमची झोप मोडू नये म्हणून."

त्यांनी चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला. रडल्या नाहीत. त्यांचे खांदे, जे मी कधी सैल पाहिले नव्हते, खाली आले, आणि त्या एकदम म्हाताऱ्या दिसायला लागल्या, त्यांच्या आईसारख्या.

"दमलंच होतंय गो मी," त्या म्हणाल्या. "खराच दमलंय."

"मला माहीत आहे," मी म्हणाले.

मग त्या तिथेच, कातळावर, पिशवी उशाला घेऊन आडव्या झाल्या आणि थोड्या वेळाने खरंच झोपल्या. ऊन चढायला लागलं होतं. मी उठून सूर्याच्या बाजूला जाऊन बसले, माझी सावली त्यांच्या तोंडावर पडेल अशी, आणि त्यांना उठवलं नाही.